मार्चएंडचे जंत

फेब्रुवारी लागला की मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत राष्ट्रीय परिषदांना ऊत येतो. निमंत्रणपत्रिकेवर कारण विज्ञानाचं छापलेलं असतं, खरं कारण 31 मार्च. आलेलं अनुदान खर्ची पडायला हवं आणि महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत बॅनरसकट फोटो लागायला हवा. त्यात 2010 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या कामाची ‘एपीआय’ नावाची गुणमोजणी सुरू केली. नियम पुढे बदलले, पण निबंध वाचला की पदरात काहीतरी पडतं हे प्राध्यापकाच्या अंगात मुरलं ते मुरलंच.

त्यातही परोपजीवीशास्त्राची परिषद असली की आमची करमणूक दुप्पट. दीपप्रज्वलनासाठी आधी पंखे बंद करायचे, मग घामाघूम पाहुण्यांनी चौथ्या काडीला वात पेटवायची. शाल, श्रीफळ, स्वागतगीत. उद्घाटक उठतात आणि ‘समाजातले खरे परोपजीवी’ हा विनोद करतातच. सगळ्यात मोठ्याने हसते ती पहिली रांग. मग निबंधवाचन, माणशी पाच मिनिटं, त्यातली दोन पेनड्राइव्ह उघडण्यात जातात. जेवणात जिलेबी. जेवणानंतर सभागृहात उरतात ते ज्यांचा निबंध अजून व्हायचाय ते आणि ज्यांची गाडी उशिराची आहे ते. बाकीचे प्रमाणपत्राच्या टेबलाशी, नावातलं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून घेत.

पण हसताना एक भान ठेवायला हवं. या विषयात मराठवाड्याने खरोखर राबून काम केलंय. औरंगाबादच्या विद्यापीठात डॉ. जी. बी. शिंदे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पट्टकृमींचा नाद धरला तेव्हा विभागात यंत्रांची रेलचेल नव्हती. लागायचा सूक्ष्मदर्शक आणि वास सोसणारं नाक. नदीकाठी कोळ्याकडून वाम घ्यायची, खाटकाकडून शेळ्या-मेंढ्यांची आतडी आणायची, ती उभी चिरून मिठाच्या पाण्यात धुवायची. फितीसारखा पांढरा जंत हाती लागला की तो दोन काचपट्ट्यांत दाबायचा, टिकवायचा, रंगवायचा आणि कॅमेरा ल्युसिडाखाली त्याचं चित्र काढायचं. यातून जी नावं जगाच्या यादीत गेली ती वाचताना एसटीचा बोर्ड वाचल्यासारखं वाटतं: सेंगा औरंगाबादेन्सिस, सेंगा पैठणेन्सिस, सेंगा गोदावरी. गुरूच्या नावाचाही एक जंत आहे, शिंदेई. आपल्या गल्लीचं नाव रस्त्याला द्यायला नगरपालिका वीस वर्षं लावते, इथे निदान जंताला तरी लगेच मिळालं.

घोटाळा पुढे झाला. नवी जात म्हणजे नवा निबंध, नवा निबंध म्हणजे पीएचडीचं एक प्रकरण. जात सापडली नाही तरी सापडायचीच. काचपट्टीखाली जरा जास्त दाबला तर जंत रुंद होतो, मेलेल्या माशातून काढला तर कुजून आकार बदलतो. ही रुंदी आणि हा आकार ‘वैशिष्ट्य’ म्हणून छापून आले. हे काही एकट्या मराठवाड्याचं पाप नाही, देशभर आणि देशाबाहेरही हेच चाललं. 2011 साली काही परदेशी आणि भारतीय संशोधकांनी दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या देशी मांगूर माशात सापडणाऱ्या पट्टकृमींच्या एका गटाची उलटतपासणी केली. कागदोपत्री 59 जाती होत्या. टिकल्या किती? आठ. उरलेल्यांच्या नावाने किती प्रमाणपत्रं वाटली गेली याचा हिशेब त्या निबंधात नाही, तो नॅकच्या फायलींत शोधावा लागेल.

तर आमची सूचना अशी, की पुढची राष्ट्रीय परिषद लिंबागणेशला भरवावी.

लिंबागणेश म्हणजे बीड तालुक्यातलं, मांजरसुंबा-पाटोदा रस्त्यावरचं, भालचंद्र गणपतीचं गाव. वातानुकूलित सभागृह नाही, पण विषय पायाशी चालत येईल. पहिलं सत्र शेळ्यांचं. निबंध नको, शेळी धरायची आणि अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी उलटून आतला रंग बघायचा. लाल असेल तर ठीक, खडूसारखा पांढरा असेल तर जठरात हिमोंकस नावाचा जंत बसलाय आणि रोज रक्त पितोय. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली तर उशीर झालाय. दक्षिण आफ्रिकेत याच पापणीच्या पाच रंगांचं कार्ड केलं, फामाचा नावाचं. मालन नावाच्या पशुवैद्यावरून ते नाव पडलं. मतलब एवढाच, की जिचं रक्त उतरलंय तिलाच जंताचं औषध पाजायचं. आपल्याकडे रीत उलटी. कळप रांगेत धरायचा आणि सगळ्यांना एकाच मापाने घोट द्यायचा, तोही मेंढीच्या हिशेबाने. शेळीचं शरीर हे औषध मेंढीपेक्षा लवकर पचवून टाकतं, तिला मात्रा जास्त लागते. मग कमी पडलेल्या घोटातून जे जंत वाचतात, तेच पुढच्या पिढीचे बाप होतात. ‘औषधात आता दम राहिला नाही’ अशी तक्रार करणारा मेंढका आणि औषध-प्रतिकारावर स्लाइड दाखवणारा डॉक्टरेटवाला एकच गोष्ट सांगत असतात. दोघांची गाठ पडत नाही, कारण एकाला नोंदणी शुल्क परवडत नाही आणि दुसऱ्याला लेंड्यांचा वास.

गावात जाऊन काही होतं का, असं विचारणाऱ्यांसाठी गिमवी. रत्नागिरी जिल्ह्यातलं हे खेडं. भारतात माणसाच्या लघवीतून रक्त पाडणारा शिस्टोसोमा हा जंत नाही असं सगळे धरून चालले असताना 1952 च्या सुमारास गाडगीळ आणि शहा या दोघांनी तो गिमवीत शोधला आणि पुढे त्याला पोसणारी गोगलगायही हुडकली. लघवी तपासली, ओढा तपासला. गिमवीचं नाव आजही परोपजीवीशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आहे. नारूचंही तेच. त्याच्यावर ना गोळी ना लस. पायातून निघणारा तो हातभर दोरा काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, हे मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतं. तो गेला पाणी दुहेरी फडक्याने गाळून, बारवांत औषध टाकून, पायऱ्यांवरून लोकांना पाण्यात उतरू न देऊन. देशातला शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात सापडला, 2000 साली आपल्याला नारूमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. हेही प्रमाणपत्रच, पण याच्यासाठी विहिरीत वाकावं लागलं होतं.

दुसरं सत्र अंकुशकृमीचं. विष्ठेतली अंडी ओल्या, उबदार मातीत फुटतात, अळी अनवाणी पायाची कातडी भेदून आत जाते, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, घशातून गिळली जाऊन आतड्यात. तिथे ती भिंतीला चावा घेऊन बसते आणि जातीप्रमाणे रोज 0.03 ते 0.2 मिलिलिटर रक्त खाते. एक जंत म्हणजे काहीच नाही, शंभर असतील तर पोराला शाळेत डुलकी का लागते ते गुरुजींना कळायला हवं. यावर सरकारकडे अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी आहे. चघळायची, शाळेत, अंगणवाडीत, फुकट. राष्ट्रीय जंतनाशक दिन 2015 पासून सुरू आहे आणि त्याची मूळ तारीख आहे 10 फेब्रुवारी.

इथे आमची सूचना गडगडते.

कारण 10 फेब्रुवारीला या डोंगरपट्ट्यातली ऊसतोड्यांची पोरं गावात नसतात. मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या आगेमागे टोळ्या हलतात. बीड जिल्ह्यातून ‘कोयते’, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, लाखांनी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात, ते परततात पाडव्याच्या सुमारास. हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहिली ती पोरं राहिली, बाकीची टायरगाडीत. शाळेच्या हजेरीपटावर नाव असतं, गोळी वाटपाच्या यादीत नाव असतं, आणि नावाचा मालक पाटाच्या पाण्याने भिजलेल्या फडात अनवाणी मोळ्या ओढत असतो. कोपीला, म्हणजे तळावरच्या झोपडीला, संडास नाही, कडेचा बांध आहे. अंकुशकृमीला याहून सोयीचं शिबिर कुणी भरवून दाखवावं! गोळ्यांच्या ऑगस्टमधल्या दुसऱ्या फेरीत पोरगं गावात सापडतं, गोळी चघळतं, पोट साफ होतं. दोन-तीन महिन्यांत टोळी पुन्हा हलते. गोळी असलेला जंत मारते, नव्याला दारात अडवत नाही.

म्हणजे परिषदांचा हंगाम आणि गळिताचा हंगाम एकच. विद्वान मोकळे होतात तेव्हा लिंबागणेशच्या आसपासची वस्त्या-तांडे निम्मे रिकामे. आणि माणसं परत येतात तेव्हा अनुदान संपलेलं असतं, परीक्षा लागलेल्या असतात.

तेव्हा सुधारित सूचना: परिषद लिंबागणेशची, पण भरवायची कारखान्याच्या तळावर, कोप्यांच्या रांगेत. वेळ पहाटे तीनची, कारण चारला टोळी फडात जाते. दीपप्रज्वलनाला चूल आहे. नमुने भरपूर, ताजे, काचपट्टीखाली दाबून कुजवायची गरज नाही. राहिला प्रवासभत्त्याचा प्रश्न. कोपीत मुक्काम केल्याची पावती मिळत नाही, आणि पावतीशिवाय लेखा विभाग पैसे सोडत नाही, एवढी एकच अडचण आयोजकांनी आधी सोडवून घ्यावी.