उणे १२८ अंशांवरचा संगणक

मदरबोर्डवर तापमान, विद्युतदाब आणि पंख्यांचे फेरे मोजणारी एक चिप असते व संगणक चालू असेपर्यंत ती अखंड मोजत असते, ही गोष्ट बहुसंख्य संगणकधारकांना ठाऊक नसते आणि ठाऊक नसल्यामुळे त्यांचे काही अडतही नाही. अडते ते लिनक्स वापरणाऱ्याचे, कारण ती चिप काय मोजते हे पाहण्याची सोय त्याच्या हाताशी असते, आणि हाताशी असलेली सोय न वापरण्याचा संयम या वर्गात सहसा आढळत नाही. या चिपला सुपर आयओ म्हणतात. कीबोर्डचे जुने गोल सॉकेट, सिरियल पोर्ट, एके काळचा फ्लॉपी ड्राइव्ह अशी जी कामे प्रोसेसरच्या प्रतिष्ठेला साजत नाहीत, ती सगळी हिच्याकडे असतात आणि मोजमापाचे खाते त्यावर अतिरिक्त कार्यभार म्हणून आलेले असते. नुव्होटन, आयटीई, फिनटेक या तैवानी कंपन्या अशा चिपा बनवतात. त्या चिपेच्या कोणत्या पायाला काय जोडायचे हे मात्र मदरबोर्ड बनवणारा ठरवतो आणि ठरवल्यानंतर ते शक्यतो कोणाला सांगत नाही. पुढचा सगळा घोळ या न सांगण्यातून जन्माला येतो.

लिनक्सवर हे आकडे वाचण्यासाठी 'एलएम-सेन्सर्स' नावाचा आज्ञावलींचा संच आहे. फ्रोडो लोइयार्ड आणि फिलिप एडेलब्रॉक यांनी १९९८च्या सुमारास त्याची सुरुवात केली, तेव्हा नॅशनल सेमीकंडक्टर या कंपनीच्या एलएम७५ आणि एलएम७८ या चिपा हे त्याचे मुख्य लक्ष्य होते. संचातली पहिली पायरी 'सेन्सर्स-डिटेक्ट' ही शोधयंत्रणा होय. ती मदरबोर्डवरच्या संभाव्य पत्त्यांवर जाऊन तिथे कोणी आहे का ते विचारते, आणि प्रत्येक वेळी विचारण्याआधी वापरकर्त्याची परवानगी मागते. परवानगी मागण्याची तिची भाषा अभ्यासण्यासारखी आहे: अमुक ठिकाणी काही लिहून पाहावे लागेल, हे बहुधा सुरक्षित असते, तरी पुढे जायचे का? या 'बहुधा'वर वापरकर्ता क्षणभर थबकतो, मग मूळ उत्तर 'होय' असेच दिलेले आहे हे पाहून एंटर दाबतो आणि पुढच्या प्रश्नांना वाचण्याआधीच एंटर दाबू लागतो.

त्या 'बहुधा'ला इतिहास आहे. काही जुन्या आयबीएम थिंकपॅडमध्ये २४आरएफ०८ नावाची एक लहानशी स्मृती-चिप होती आणि अशा चौकशीच्या वेळी पाठवलेले संकेत ती लिहिण्याची आज्ञा समजून स्वतःतली माहिती बिघडवून घेत असे; परिणामी तापमान पाहायला निघालेल्या माणसाचा लॅपटॉप पुन्हा सुरूच होत नसे. पुढे संबंधित ड्रायव्हरांमध्ये यंत्र आयबीएमचे आहे का हे तपासून, असल्यास काम नाकारण्याची तरतूद झाली. विचारलेल्या प्रश्नाने उत्तर देणाऱ्याचाच कायमचा निकाल लागावा, असे प्रसंग मोजमापाच्या शास्त्रात फार नसावेत.

शोध संपला, योग्य तो ड्रायव्हर कर्नलमध्ये भरला, म्हणजे 'सेन्सर्स' ही आज्ञा देता येते आणि पडद्यावर आकड्यांची चळत उतरते. तिच्यात प्रथम डोळ्यांत भरते ते एखाद्या सेन्सरचे उणे १२८ अंश सेल्सिअस हे तापमान. पृथ्वीच्या पृष्ठभागावर हवेचे नोंदले गेलेले सर्वांत कमी तापमान अंटार्क्टिकातील वोस्तोक केंद्रावरचे, १९८३ सालच्या जुलैतले, उणे ८९.२ अंश आहे; म्हणजे टेबलाखालच्या कॅबिनेटने तो विक्रम जवळजवळ ३९ अंशांनी मोडलेला असतो आणि तोही पंखे चालू असताना. शेजारच्याच ओळीत अधिक १२७ अंश आढळले तर तेवढ्याच डब्यात पाणी गोठण्याची व उकळण्याची दोन्ही कामे एका वेळी उरकण्याची सोय झालेली दिसते. उलगडा साधा आहे: आठ बिटांच्या चिन्हयुक्त संख्येत उणे १२८ ते अधिक १२७ एवढेच आकडे मावतात, आणि चिपेच्या पायाला काही जोडलेलेच नसले की वाचन या दोहोंपैकी एखाद्या टोकाला जाऊन बसते. चिपेत तापमानाच्या तीन-चार जागा मंजूर असतात, मदरबोर्डवाल्याने त्यांतली एक-दोनच पदे भरलेली असतात. परंतु हजेरीपटावर रिक्त पदांचीही सही रोज होते, आणि सर्वांत ठळक सही त्यांचीच असते.

विद्युतदाबांचे प्रकरण याहून गहन आहे. एलएम७८सारख्या चिपेला ० ते सुमारे ४ व्होल्ट एवढेच मोजता येते, नव्या चिपांत ही मर्यादा बहुधा २ व्होल्टांच्या आसपास असते, आणि संगणकाच्या पॉवर सप्लायमधून तर १२ आणि ५ व्होल्ट येतात. म्हणून मदरबोर्डवर दोन रोधक जोडून त्या दाबाचा ठरावीक अंश तेवढा चिपेकडे पाठवला जातो. चिप तो अंश प्रामाणिकपणे मोजते आणि १.००८ व्होल्ट असे सांगते. हा १२ व्होल्टांचा बारावा हिस्सा आहे, की ५ व्होल्टांचा पाचवा, की खरोखरच प्रोसेसरला मिळणारा एक व्होल्ट, हे तिला माहीत नसते. ते रोधकांच्या किमतीवर अवलंबून असते आणि त्या किमती मदरबोर्डवाल्याच्या कपाटात असतात.

यावर उपाय म्हणून 'इटीसी' निर्देशिकेतल्या 'सेन्सर्स.डी' या कप्प्यात वापरकर्त्याने स्वतःची संरचना-फाइल लिहायची असते. तिच्यात 'लेबल' या शब्दाने सेन्सरला नाव देता येते आणि 'कम्प्यूट' या शब्दाने त्याच्या आकड्यावर गणित करता येते. गणित दोन्ही बाजूंनी द्यावे लागते, वाचताना १२ने गुणायचे तर मर्यादा लिहिताना १२ने भागायचे. इथे एक तर्कदोष सर्रास घडतो आणि तो करणारे लोक एरवी तर्कशास्त्रात कच्चे नसतात. पडद्यावर 'इन४' असे निनावी काहीतरी १.००८ दाखवत असते. वापरकर्ता त्याला कशाने गुणले असता बाराच्या जवळ जाता येईल हे शोधतो, गुणक १२ ठरवतो, त्या ओळीला 'अधिक १२ व्होल्ट' असे नाव देतो, आज्ञा पुन्हा चालवतो आणि १२.१० हा आकडा पाहून आपला पॉवर सप्लाय उत्तम स्थितीत असल्याचे समाधान मानतो. एटीएक्स मानकानुसार बारा व्होल्टांना पाच टक्क्यांची, म्हणजे ११.४० ते १२.६० एवढी मुभा आहे, हेही त्याने आवर्जून वाचलेले असते आणि आपल्याच गुणाकाराने काढलेला आकडा तो त्या चौकटीत बसवून दाखवतो.

चोखंदळ वापरकर्ता मात्र एवढ्यावर थांबत नाही. तो संगणक पुन्हा सुरू करून बायोसच्या पडद्यावरचे आकडे कागदावर उतरवून घेतो, कारण बायोसला रोधकांच्या किमती ठाऊक असतात. आणि त्याहून चोखंदळ असेल तो कॅबिनेटचे एका बाजूचे झाकण काढून भिंतीला टेकवतो, मल्टिमीटर आणतो, चार तारांच्या मोकळ्या कनेक्टरमध्ये काळे टोक काळ्या तारेच्या छिद्रात व लाल टोक पिवळ्या तारेच्या छिद्रात घालून खरे बारा व्होल्ट मोजतो, मग लाल तारेवरचे पाच. हाच एक मार्ग विश्वासार्ह आहे, हे सांगितलेच पाहिजे. मल्टिमीटर हातात आल्यावर सेन्सरची गरज काय उरली, असा प्रश्न घरातील इतर मंडळींना पडतो. पण या क्षेत्रात घरातील इतर मंडळींचे मत विचारात घेण्याची पद्धत नाही.

तापमानाचे काही आकडे टोकाला गेलेले नसतात, पटण्याजोगे असतात, आणि म्हणूनच अधिक फसवे असतात. तापमान मोजण्यासाठी कुठे थर्मिस्टर, म्हणजे उष्णतेनुसार विरोध बदलणारा घटक, तर कुठे डायोड वापरलेला असतो. एक समजून दुसरा वाचला की खरा वाटेल असा पण चुकीचा आकडा मिळतो. यावर एक कसोटी आहे, ती नागपूर-चंद्रपूरकडच्या वाचकाला मे महिन्यात फुकट उपलब्ध असते: हवेने थंड होणारी कोणतीही वस्तू त्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, तेव्हा खोलीत ४२ अंश असताना जो सेन्सर प्रोसेसर ३१ अंशांवर असल्याचे सांगतो, तो खोटे सांगतो. (खोलीत वाळ्याचा कूलर लावलेला असेल तर आधी खोलीचेच तापमान पुन्हा पाहावे.) मुंबई-पुण्याच्या सौम्य हवेत असा सेन्सर वर्षानुवर्षे सन्मानाने नांदू शकतो.

एएमडीच्या प्रोसेसरांनी तर या बाबतीत तत्त्वज्ञानाच्या प्रांतात पाऊल टाकलेले आहे. त्यांचा 'के१०टेम्प' हा ड्रायव्हर 'टीसीटीएल' नावाचा आकडा दाखवतो, त्यापुढे अंश सेल्सिअसचे चिन्हही असते, आणि कर्नलसोबतच्या माहितीपत्रकात हे भौतिक तापमान नव्हे, केवळ पंखे नियंत्रित करण्यासाठी योजलेल्या एका स्वैर मोजपट्टीवरचे मूल्य आहे, असे स्वच्छ लिहिलेले आहे. २०१७ साली आलेल्या रायझन १७००एक्स व १८००एक्स या प्रोसेसरांत हा आकडा खऱ्या तापमानापेक्षा सरळ २० अंशांनी चढा ठेवलेला होता, जेणेकरून निरनिराळ्या प्रोसेसरांवर पंख्यांचे धोरण सारखेच राहावे. म्हणजे पंख्यांनी घाबरावे म्हणून ठेवलेला आकडा पंख्यांनी शांतपणे स्वीकारला आणि घाबरले ते वापरकर्ते.

पंख्यांविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. पंखा एका फेऱ्यात सहसा दोन स्पंदने पाठवतो आणि जुन्या चिपा दोन स्पंदनांमधला काळ आठ बिटांच्या गणकाने मोजत. १३,५०,००० या संख्येला गणकाचा आकडा व विभाजक यांच्या गुणाकाराने भागले की मिनिटाचे फेरे निघतात. गणक २५४च्या पुढे मोजू शकत नसल्यामुळे विभाजक २ असताना मिनिटाला सुमारे २,६५७पेक्षा कमी फेरे घेणारा पंखा चिपेच्या लेखी बंदच असतो. आवाज नको म्हणून महागडा, मोठा, संथ पंखा घेणाऱ्याला पडद्यावर शून्य दिसते, आणि कान कॅबिनेटला लावला तरी पंखा फिरत असल्याचा पुरावा मिळत नाही, कारण पैसे त्यासाठीच मोजलेले असतात. पंख्यांचा वेग लिनक्सकडूनच चालवायचा असल्यास 'पीडब्ल्यूएमकॉन्फिग' ही आज्ञा आहे; कोणता पंखा कोणत्या तारेवर आहे हे कळावे म्हणून ती प्रत्येक पंखा काही सेकंद थांबवून पाहते आणि प्रोसेसर तापू शकतो असा इशारा उद्गारचिन्हांच्या उदार वापरासह आधीच देते. तिने तयार केलेली व्यवस्था कर्नलने यंत्रांना दिलेल्या क्रमांकांवर उभी असते, ते क्रमांक संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात, आणि बदलले की 'फॅनकंट्रोल' हा कार्यक्रम काम करण्याचे नाकारतो. हा नकार शहाणपणाचा आहे. ग्राफिक्स कार्डाचे तापमान पाहून भलताच पंखा फिरवण्यापेक्षा तो बरा.

उरतो तो 'अलार्म' या शब्दाचा प्रश्न. अनेक बोर्डांवर बायोस किमान व कमाल या मर्यादा शून्यावरच सोडून देतो, त्यामुळे शून्याहून अधिक असलेला प्रत्येक विद्युतदाब मर्यादा ओलांडल्याचा गुन्हेगार ठरतो आणि निरोगी संगणकाच्या प्रत्येक ओळीपुढे धोक्याची सूचना उभी राहते. 'सेट' या शब्दाने योग्य मर्यादा लिहून 'सेन्सर्स'ला उणे एसचा पर्याय दिला की त्या लागू होतात. पण ज्या जागेला काय जोडले आहे हेच कळलेले नाही, तिच्यासाठी मर्यादा ठरवणे म्हणजे गैरहजर माणसाचे वजन ठरवणे होय. अशा ठिकाणी 'इग्नोर' हा शब्द लिहावा. सेन्सर मोजत राहतो, फक्त त्याचे म्हणणे छापले जात नाही. अनुभवी माणसाच्या संरचना-फाइलीत या शब्दाचे प्रमाण वयानुसार वाढत गेलेले दिसते आणि त्यात गैर काही नाही.

सर्वांत शेवटी बहुधा 'इंट्रुजन०' ही ओळ येते. कॅबिनेट कोणी उघडले असल्यास ही नोंद होते आणि संबंधित फाइलीत शून्य लिहून ती पुसेपर्यंत तशीच राहते. झाकणाखाली बसवायची कळ घरगुती कॅबिनेटांत सहसा नसतेच, त्यामुळे काही बोर्डांवर शून्य लिहिल्याबरोबर अलार्म पुन्हा उगवतो. वापरकर्ता तो दोन-तीनदा पुसतो, चिप मूर्ख असल्याचा निर्वाळा देतो आणि फाइलीच्या तळाशी 'इग्नोर इंट्रुजन०' अशी ओळ घालून काम संपवतो. मल्टिमीटर लावताना काढलेले झाकण तेव्हा भिंतीलाच टेकलेले असते.