समजून घ्या, पण फक्त आम्हाला!

म्युनिकमधल्या प्राथमिक शाळेतल्या बाई मराठी आईला बोलावून घेतात आणि गंभीर चेहऱ्याने सांगतात, ''तुमचा मुलगा वर्गात फार शांत असतो.'' आई खूश. बाई काळजीत.

आपल्याकडे प्रगतिपुस्तकावर 'शांत व आज्ञाधारक' असा शेरा मिळावा म्हणून पोरांच्या कित्येक पिढ्या गप्प बसल्या. जर्मन शाळेत हात वर करून बोलण्याचेही गुण धरतात. म्हणजे जे संस्कार आपण एवढं विमानभाडं भरून नेले, त्यांचेच तिथे गुण कापले जातात.

बरं, पोराने तोंड उघडायचं ते कुठल्या भाषेत? हल्ली तिथले शिक्षक स्वच्छ सांगतात, घरी तुमची भाषा बोला, जर्मनचं आम्ही बघतो. आईबाप घरी बोलतात इंग्रजी. मग रविवारी पोराला गाडीत घालून मराठीच्या वर्गाला नेतात. हेच आईबाप पुण्यात असते, तर याच पोराच्या इंग्रजी माध्यमातल्या प्रवेशासाठी पहाटे रांगेत दिसले असते.

मराठी वाचवायची असेल तर पुणेकरांना म्युनिकला पाठवावं, हे उत्तम.

गुणांची पद्धतही उलटी. 1 म्हणजे सर्वोत्तम, 6 म्हणजे पार तळ. नातू व्हिडिओ कॉलवर उड्या मारत सांगतो, गणितात 1 मिळाला. साताऱ्याची आजी क्षणभर थांबते आणि धीर देत म्हणते, ''असू दे बाळा. पुढच्या वेळी नीट अभ्यास कर.''

'तिकडे मुलांवर अभ्यासाचं ओझं नसतं हो', हे आठवडाभर युरोप पाहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं मत. बव्हेरियात चौथीतच ठरतं, की पोर विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझिउममध्ये जाणार की दुसऱ्या शाळेत. थेट प्रवेश हवा, तर जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली लागते. दहा वर्षांच्या पोराला दशांश चिन्हापुढे दोन घरं मोजणारी ही व्यवस्था, आणि म्हणे ताण नाही!

हे कळलं की मराठी पालकाला परदेशात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटतं. तो ताबडतोब क्लास शोधायला लागतो.

आता डबा. डब्यात गोड नको, असं अनेक शाळा बजावतात. काळा ब्रेड, गाजर, सफरचंद. शिरा दिलात तर साखरेवर उपदेश ऐकायची तयारी ठेवा. आणि पहिलीच्या पहिल्या दिवशी? जर्मन आईबाप स्वतःच पोराच्या हातात मावणार नाही एवढा कागदी शंकू देतात. आत खाऊ आणि चॉकलेटं. पण ती परंपरा आहे. साखर असते ती फक्त शिऱ्यात.

वाढदिवसाला वर्गात जेलीची रंगीत अस्वलं वाटतात. तिथल्या लोकप्रिय अस्वलांतलं जिलेटिन डुकराचं असतं. ही बातमी पालकांच्या ग्रुपवर पोचली, की हाहाकार! परवा बिअरच्या बागेत सॉसेज खाणारेही त्यात हिरिरीने सामील.

शाळेच्या फॉर्मवर 'शाकाहारी' असा एक चौकोन असतो. तिथे खूण केली की विषय संपला. पण 'चिकन चालतं, बीफ-पोर्क नाही, सोमवारी आणि चतुर्थीला काहीच नाही, श्रावणाचं विचारून सांगतो', याला चौकोन कुठला? जर्मन नोकरशाहीने आजवर काय काय फॉर्मात बसवलं असेल, देव जाणे. श्रावण मात्र तिला जमलेला नाही.

मग येतो भाच्याच्या लग्नाचा विषय. सुट्टी लागायच्या चार दिवस आधीचं तिकीट स्वस्त असतं, त्यामुळे नेमका त्याच दिवशी पोराला ताप येतो. आपल्याकडे वर्गशिक्षिका समजून घेतात. जर्मनीत विनापरवानगी शाळा बुडवली तर पालकांना दंड होऊ शकतो. 2018 मध्ये बव्हेरियातल्या मेमिंगेन विमानतळावर पोलिसांनी सुट्टीआधीच निघालेली कुटुंबं हेरून त्यांची तक्रार पुढे पाठवली होती. त्यांत आपलं कोणी असलंच पाहिजे असं नाही. ताप सगळ्याच देशांत वेळेवर येतो.

आणि ती सर्वांची आवडती गोष्ट : 'नॉर्वेत हाताने भरवलं म्हणून मुलं काढून घेतली!' प्रकरण 2011 चं, स्टावांगरमधल्या एका भारतीय कुटुंबाचं. 2023 मध्ये त्यावर हिंदी सिनेमाही आला. हाताने भरवण्याचं कारण सांगितलं ते आईवडिलांनी. तिथल्या बालकल्याण यंत्रणेने गोपनीयतेवर बोट ठेवून तपशील उघड करायचं नाकारलं. निम्मी बाजू कोणी ऐकलीच नाही. निकाल मात्र सिनेमाच्या मध्यंतराआधीच लागला.

खऱ्या गैरसमजाची जागा भलतीच आहे. आपल्या अनेक बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर जन्मतःच निळसर-काळपट डाग असतात. गोऱ्या बाळांत ते क्वचितच दिसतात. पाळणाघरातल्या अनोळखी नजरेला ते माराचे वळ वाटू शकतात. उपाय? तिथे बाळाच्या तपासण्यांची एक पिवळी वही असते. तीत डॉक्टरांकडून त्या डागांची नोंद करून घ्या. संस्कृतीवर तासभर व्याख्यान देण्यापेक्षा डॉक्टरांची एक ओळ पुरते. पण ओळ लिहून घेण्यात व्याख्यानाची मजा नाही.

खरोखरच्या धपाट्याचं काय? मारहाण न होता वाढण्याचा हक्क जर्मन कायद्याने मुलांना 2000 मध्येच दिला. लगेच आपले लोक छाती पुढे काढतात, 'आमच्या संस्कृतीत चालतं हो!' अहो, आपल्या 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शाळेत मारायला बंदी आहे. म्हणजे बाईंनी मारला तर गुन्हा, आईने मारला तर संस्कार?

तरीही म्हणू, शाळेने परक्या देशातून आलेल्या पोराला समजून घ्यावं. अपेक्षा रास्त आहे. फक्त तिचा पासपोर्ट एकतर्फी का?

हिंजवडीतले टॉवर बांधायला बिहार-बंगालातून आलेल्या मजुराचं पोर इथल्या शाळेत बसतं. त्याची भाषा वेगळी, सण वेगळे, जेवण वेगळं. पालकांच्या ग्रुपवर त्याच्यासाठी कोण हळहळतं? तिथे चर्चा एकच असते, की 'हल्ली शाळेत कुठली कुठली मुलं यायला लागली आहेत'.

परकं पोर तर सोडाच. 2023 मध्ये महाराष्ट्राच्या शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं. नको असेल त्याला केळं, असा साधा पर्यायही होता. म्हणजे चौकोन छापलेला होता! तरी विरोध झालाच. 2025 च्या जानेवारीत सरकारने त्याचा निधी बंद केला आणि सांगितलं, हवं तर लोकवर्गणीतून द्या.

बव्हेरियाने आपल्या चतुर्थीसाठी वेगळा चौकोन छापावा, ही मागणी अवश्य करा. तोवर झेडपीच्या शाळेतल्या अंड्यासाठी वर्गणी काढताय ना?