रामकुंडावरची गाठ

अहो वहिनी, कुकर उतरवून या जरा कुंपणापाशी. कोपऱ्यावरच्या काकू नाशिकहून आल्या, कळलं का? आणि येताना चक्क नणंद घेऊन आल्यात! सख्खी नाही हो, चुलत. इंदूरची. तिच्या वडिलांनीच नाही का वाटण्यांवरून भावजयीशी भांडून घर सोडलं होतं? परत म्हणून या घराचा उंबरा चढले नाहीत.

ती भावजय म्हणजे काकांची आई. तिचे दिवस झाले आणि हे अस्थी घेऊन रामकुंडावर गेले. रामाने दशरथाचं श्राद्ध तिथेच केलं म्हणतात, म्हणून कुठकुठून माणसं येतात. तिथल्या गुरुजींकडे नामावळ्या असतात, तुम्हाला ठाऊक आहेच. आडनाव आणि मूळ गाव सांगायचं, की तुमचे गुरुजी कोण ते कुणीही दाखवतं. पुढे सगळी वंशावळ वहीत. आपल्याला पणजोबांचं नाव आठवत नाही, त्यांच्याकडे सहीनिशी असतं.

तर हे ओट्यावर टेकले, गाव-आडनाव सांगितलं, आणि गुरुजी म्हणतात, "अहो, तेच पान उघडलंय आत्ता!"

समोर एक बाई. काका वाकून बघतात तर आजोबांची मोडीतली सही, तिच्याखाली दोन मुलगे, एकाच शाईत. एक यांचे वडील. दुसऱ्या नावावर त्या बाईचं बोट! तीही वडिलांच्याच अस्थी घेऊन आलेली.

म्हणजे बघा, ज्या दीर-भावजयीने जन्मभर एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, ती गोदावरीत पाठोपाठ गेली. काकू सांगताना हसत होत्या की रडत होत्या, देव जाणे.

आमच्या ह्यांना सांगितलं, तर पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, "योगायोग कसला त्यात? एका घराण्याची वही एकाच गुरुजींकडे असणार." अहो, दार एक, मान्य. पण दिवस? घटका? ती आदल्या दिवशीच यायची, पण सेंधव्यापुढे बिजासन घाटात गाडी बंद पडली. आणि मुळात त्यांना ओंकारेश्वर जवळ, नर्मदा हाताशी. तिथेच उरकायचं ना? पण म्हाताऱ्याने लेकीला बजावून ठेवलं होतं, मला नाशिकलाच न्या. भांडला, इंदूरला घर बांधलं, सगळं केलं. पण वहीतलं नाव काही सोडवलं नाही. मला तर तिथेच भरून आलं.

बाई गोड आहे हो. मराठी अशी हिंदीच्या वळणाने बोलते की ऐकत राहावं. काल पोह्यांवर शेव पेरून दिली सगळ्यांना. काकूंना कांदेपोह्यावर ओल्या नारळाशिवाय काही चालत नाही, पण मुकाट्याने खाल्ले.

आता खरी गंमत ऐका. गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर तिच्या वडिलांचं नाव अजून आहे म्हणे. काकांनी मागे विकायचं काढलं होतं, ते याच सहीवाचून अडलेलं. मी काही विचारलं नाही हं! पण सकाळी झाडांना पाणी घालताना 'तलाठी' एवढं कानावर पडलं, आणि मग खिडकी लागली. तुमच्या मोरीतून त्यांचा माजघरातला आवाज येतो ना? मग जरा लक्ष ठेवा, संध्याकाळी सांगा.