उसना सेट

गोल्फचा क्लब ही मालकाच्या मापाने घडवलेली वस्तू आहे. काठीची लांबी, शाफ्टची लवचिकता, मुखाचा कल, ग्रिपची जाडी हे सगळे एका विशिष्ट माणसाची उंची, मनगट आणि वय बघून ठरते. नियमाने पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. ही मर्यादा अमेरिकेत १९३८ मध्ये आणि ब्रिटनमध्ये त्याच्या पुढच्या वर्षी आली. ड्रायव्हरपासून पटरपर्यंत या चौदा जणांचे स्वभाव मालकाला पाठ असतात. असे असूनही, दुसऱ्याचा चष्मा मागायला जो संकोचेल तोच गृहस्थ ‘रविवारपुरता तुमचा सेट मिळेल का’ असे लिफ्टमध्ये उभ्या उभ्या विचारतो. लिफ्टमध्ये नाही म्हणता येत नाही. मजले कमी पडतात.

मागणाऱ्यांत सर्वांत निरुपद्रवी म्हणजे परदेशातून महिनाभर आलेला भाचा. विमानात बॅगेचे वेगळे पैसे पडतात म्हणून त्याने ती न्यू जर्सीलाच ठेवलेली असते. त्याला खेळता येते, त्यामुळे क्लब शाबूत परत येतात. फक्त ‘मामा, हे शाफ्ट आता कोणी वापरत नाही’ एवढा शेरा मागे राहतो. कंपनीच्या स्पर्धेचे आमंत्रण आलेले साहेब याहून थोडे महाग पडतात. खरा धोका नवशिक्याचा. तो कोर्सवर जात नाही, ड्रायव्हिंग रेंजवर जातो आणि मालक महिनाभरात घालत नाही इतके घाव तिथे तासाभरात घालतो. त्यांतले काही चेंडूला लागतात.

नुकसानीचा अभ्यास ड्रायव्हरपासून सुरू करणे सोयीचे. त्याचे डोके नियमाप्रमाणे ४६० घन सेंटिमीटरपर्यंत मोठे असू शकते. ते पोकळ, बहुधा टायटॅनियमचे असते आणि चेंडू मारण्यासाठी त्याला चांगले प्रशस्त मुख दिलेले असते. नवशिक्या चेंडू टीवर उंच ठेवतो, वरून खाली घाव घालतो आणि मुख सोडून रंगवलेल्या माथ्याने चेंडू उडवतो. चेंडू सरळ आकाशात जातो, माथ्यावर पांढरा ओरखडा राहतो. त्याने खेळात काडीचा फरक पडत नाही. मात्र यापुढे प्रत्येक टीवर मालकाने मान खाली घातली की आधी ओरखडा दिसतो, मग चेंडू.

आयर्नचे दुखणे निराळे. दख्खनच्या पठारावर गवत पातळ आणि खाली मुरूम. चेंडूच्या दोन इंच अलीकडे मारणाऱ्याच्या हातातली कड त्या मुरुमात दगड शोधते आणि तिला तो सापडतो. रेंजवरच्या चटईखाली बहुधा काँक्रीट असते. तिथे ठोकून ठोकून मऊ पोलादाच्या आयर्नचा कोन एखाद्या अंशाने सरकू शकतो. डोळ्याला काही कळत नाही. चेंडू डावीकडे का जातो याचा शोध घेत मालक स्वतःच्या खांद्यापर्यंत पोचतो आणि तिथून फिजिओथेरपिस्टकडे.

सर्वांत मुत्सद्दी नुकसान ग्रॅफाइटच्या शाफ्टचे. पोलादी शाफ्ट वाकला तर निदान दिसतो. ग्रॅफाइटचे आतले तंतू झाडाच्या बुंध्यावर बसलेल्या एका फटक्याने तुटतात आणि वर रंगात केसाएवढी रेघ उमटते, किंवा तीही नाही. क्लब परत येतो, आभार मानले जातात, चहा होतो. मग पंधरवड्याने, चार मित्रांच्या साक्षीने, तो मालकाच्याच हातात मोडतो. इथे पंचनामा कोणाच्या नावावर होणार हे सांगायला नको. गाडीच्या डिकीत मे महिनाभर पडून राहिलेल्या सेटचेही असेच. डोके शाफ्टला इपॉक्सीने चिकटवलेले असते, उष्णतेने ती पकड ढिली पडू शकते, आणि एके दिवशी चेंडूबरोबर डोकेही फेअरवेवर रवाना होते. कधी कधी तेच लांब जाते.

हरवण्यात हेडकव्हरचा नंबर वरचा, पण त्याचे दुःख कोणी फार करत नाही. वेजचे करतात. ग्रीनच्या कडेला खेळाडू वेज आणि पटर दोन्ही घेऊन उतरतो, वेजने चेंडू वर चढवतो, वेज गवतात ठेवतो, पटरने उरकतो आणि चेंडू होलमध्ये पडल्याच्या आनंदात पुढे निघतो. वेज स्वतःचा असेल तर पुढच्याच होलवर आठवण होते. उसना असेल तर ती मालकालाच व्हावी लागते. ६ फेब्रुवारी १९७१ रोजी अपोलो १४ मोहिमेत ॲलन शेपर्ड यांनी नमुने गोळा करायच्या दांड्याला सिक्स आयर्नचे डोके बसवून चंद्रावर दोन चेंडू मारले. जाडजूड अंतराळपोशाखात, एका हाताने. चेंडू तिथेच राहिले, पण क्लब परत आला आणि पुढे अमेरिकेच्या गोल्फ संघटनेच्या संग्रहालयात जमा झाला. पुण्यात बी विंगमधून सी विंगमध्ये गेलेला वेज परत आणणे याहून अवघड.

कायदा मालकाच्या बाजूने आहे, निदान कागदावर. भारतीय करार कायदा, १८७२ यात उसनवारीचा विचार निक्षेप या नावाखाली केलेला आहे. कलम १५१ सांगते की सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या अशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्यावी. इथे अडचण अशी, की नवशिक्याकडे स्वतःची अशी वस्तूच नसते. कलम १५४ च्या उदाहरणात एक जण केवळ स्वतः बसण्यासाठी घोडा उसना आणतो आणि घरातल्या दुसऱ्याला बसू देतो. तो सांभाळून चालवतो, तरी घोडा अपघाताने पडून जखमी होतो. भरपाई आणणाऱ्याने द्यायची. घोड्याच्या जागी ड्रायव्हर आणि घरातल्या दुसऱ्याच्या जागी मेहुणा घातला की कलम आजही ताजे आहे. कलम १५९ प्रमाणे फुकट दिलेली वस्तू मुदतीआधीही परत मागता येते, मात्र त्यामुळे नेणाऱ्याचा तोटा त्याच्या फायद्याहून जास्त झाला तर वरचा फरक देणाऱ्याने भरावा. म्हणजे नवव्या होलवर जाऊन सेट ओढून आणण्यापूर्वी वकिलाशी बोललेले बरे.

गोल्फचा स्वतःचा नियम याहून कडक आहे. कोर्सवर खेळत असलेल्या दुसऱ्या खेळाडूचा क्लब मागून वापरला, तर स्ट्रोक प्लेमध्ये त्या होलला दोन फटक्यांचा दंड, फेरीत जास्तीत जास्त चार. हा नियम पार्किंगपर्यंत वाढवण्याची सूचना अजून कोणी केलेली नाही.

प्रत्यक्ष वसुली शेजारधर्माच्या कलमांनी होते. सेट परत करायला माणूस स्वतः येत नाही, वॉचमनकडे ठेवतो. हे पहिले लक्षण. दुसरे म्हणजे फोनवरचे ‘हा ओरखडा आधीचाच ना हो?’ प्रश्न असा बेतलेला असतो की त्याला ‘नाही’ म्हणणारा कोता ठरतो. पुढे ‘काही खर्च असेल तर सांगा बरं का’ येते आणि त्यावर मराठी माणसाला ‘छे छे, भलतंच काय!’ याखेरीज उत्तर येत नाही. मग अर्धा किलो बाकरवडी येते. बाकरवडीच्या भावात शाफ्ट बसत नाही, पण ती खाल्ल्यावर विषय काढता येत नाही, हे आणणाऱ्याला माहीत असते.

चेंबूरच्या कोर्सजवळच्या वस्तीतल्या कॅडी पोरांनी हा प्रश्न उद्भवूच दिला नाही. बांधकामाची सळई वाकवायची, तिला पाइपच्या तुकड्याची ग्रिप चढवायची आणि गल्लीत प्लास्टिकचा चेंडू मारायचा. सळई वाकडी झाली तर दगडाने ठोकून सरळ होते आणि ती उसनी मागायला सी विंगमधून कोणी येत नाही.

ज्यांना हे जमण्यासारखे नाही ते उसना देण्यासाठी वेगळा सेट ठेवतात: गुळगुळीत झालेल्या ग्रिप, कड बोथट झालेले आयर्न, एका निवृत्त मित्राचा पटर. मागणारा पिशवीची चेन उघडून आत बघतो, ‘नेहमीचा दिसत नाही हा’ म्हणतो आणि थोड्या नाराजीनेच घेऊन जातो. हा सेट मोडत नाही, हरवत नाही आणि ठरल्या दिवसाच्या आधी परत येतो.