लातूर पॅटर्नमध्ये न बसणारा विषय

श्रोत्यांसमोर संगणकावर ओळी लिहीत, बदलत संगीत वाजवणे म्हणजे लाइव्ह कोडिंग. याला सराव प्रश्नसंच नाहीत, त्यामुळे लातूरच्या उमेदवारांनी घाबरून जाऊ नये. अभ्यासक्रम वाजवतानाच ठरतो.

एक लॅपटॉप नांदेडच्या विष्णुपुरीत, दुसरा लातूरच्या औसा रोडवर. स्ट्रुडल हे लाइव्ह कोडिंगचे साधन ब्राउझरमध्येच चालते. फ्लोक या सामायिक संपादकावर दोघांना एकच पान दिसते. तारेतून आवाज जात नाही, अक्षरे जातात. म्हणून रेंज गेली तरी ठोका चालू राहतो, फक्त जोडीदार नाहीसा होतो.

पडदा झाकू नये. लाइव्ह कोडिंग करणाऱ्यांच्या टॉपलॅप मंडळाने (स्थापना 2004, हॅम्बुर्ग) जाहीरनाम्यातच ही अट घातली आहे. शेजाऱ्यापासून उत्तरपत्रिका कोपराने झाकत मोठे झालेल्यांना हे जड जाईल.

एका वेळी एकच आकडा बदलावा. चार ठोके टाकावेत आणि हात मांडीवर ठेवून ऐकावे. याच जागी बहुतेक उमेदवार नापास होतात; कोणाला तरी लगेच बेस हवा असतो. सप्ताहातले भजन आठवावे: एक जण चाल सांगतो, मृदंग ती उचलतो, टाळकरी ध्रुपद धरतात, आणि लय कोणी चढवली ते कोणालाच कळत नाही. इथे ते पडद्यावर दिसते, त्यामुळे भांडणात पुरावा मिळतो.

‘हे परदेशी खूळ’ म्हणणाऱ्या काकांना बोल प्रोसेसर या संगणक प्रणालीबद्दल सांगावे. 1980च्या दशकात जिम किपेन आणि बर्नार्ड बेल यांनी तिच्यातून तबल्याचे कायदे संगणकाला शिकवले; त्याने काढलेले विस्तार लखनौ घराण्याचे उस्ताद अफाक हुसेन खाँ तपासत. टायडल ही लाइव्ह कोडिंगची भाषा घडवणाऱ्या अ‍ॅलेक्स मॅक्लीन यांनी बोल प्रोसेसरचे ऋण मानले आहे. काका तरीही पॅकेज विचारतील.

कंस चुकला तर लाल अक्षरे येतात, पण जुनी ओळ वाजतच राहते. एवढी माफी बोर्डाच्या परीक्षेत नाही. जोडीदाराची ओळ परस्पर पुसू नये. दोन तिरप्या रेघा देऊन पुढे लिहावे, ‘भाऊ, बेस जरा कमी करू का?’ संगणक तो मजकूर सोडून देतो. भाऊही बहुधा सोडून देतो.

संपवताना सगळे एकदम बंद करू नये, एकेक ओळ काढत जावे. शेवटची ओळ कोणी काढायची यावर ‘आधी तुम्ही’, ‘नाही, तुम्ही’ सुरू झाले, तर वसतिगृहाच्या रेक्टरांची वाट पाहावी.