बारा टक्के लपलेत कुठे?

3 सप्टेंबर 2025 च्या रात्री जीएसटी परिषदेने दर बदलले आणि 22 तारखेला, ऐन घटस्थापनेला, ते लागू झाले. नागपूरच्या जरीपटका बाजारात तेव्हा दसरा-दिवाळीची खरेदी तोंडावर आलेली. हजारावरच्या तयार कपड्याला आदल्या रात्रीपर्यंत 12 टक्के. सकाळी अडीच हजारांपर्यंत 5 आणि त्याच्या वर थेट 18. दुकानदाराने गिऱ्हाइकाला नवा भाव सांगितला. बिल कोण बदलणार?

बिल सॉफ्टवेअर काढतं. त्याच्या पोटात ते बारा टक्के कुठेकुठे दडलेत, हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

मग '12' शोधा की! शोधल्यावर काय सापडतं? वर्षाचे बारा महिने, डझनाचे बारा नग, घड्याळाचे बारा तास. खरा कर राज्यातल्या विक्रीत 6 आणि 6 असा दोन ठिकाणी फुटलेला. करासकट किमतीतून मूळ किंमत काढताना तोच 1.12 होऊन बसलेला. कोडमधला मजकूर शोधणारं ग्रेप 1970 च्या दशकापासून इमानेइतबारे राबतंय. पण त्याला अक्षरं कळतात, जीएसटी कळत नाही.

इथे एआय सहायक उपयोगी पडतो, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. 'या प्रोजेक्टमध्ये कर कुठेकुठे मोजलाय?' असं साध्या मराठीत विचारा. तो फाइली चाळतो, सहा-सहाची जोडी ओळखतो, 1.12 चा भागाकारही पकडू शकतो. इंदोरा चौकात मेट्रोत चढून खापरीला उतरणारी, मिहानमध्ये दुसऱ्यांनी लिहिलेला जुना कोड सांभाळणारी पोरंपोरी आहेत. नव्याने लागलेल्या मुलीला दर प्रश्नासाठी सिनिअरच्या खुर्चीमागे ताटकळायला लागू नये, एवढ्यासाठीसुद्धा हे साधन हवं.

मग बिनसतं कुठे?

पुढच्या वाक्यात. 'आपल्याकडे जसं करतात, तसंच लिहून दे.'

समजा, कर मोजायची एक पद्धत नऊ फाइलींत आहे आणि दुसरी एकाच फाइलीत. सहायक बहुतेक नऊवाली उचलणार. पण जास्त ठिकाणी आहे म्हणून ती बरोबर, हे कोणी ठरवलं? कदाचित कोणीतरी घाईत एकदा चुकलं आणि पुढच्या आठ जणांनी तेच चिकटवलं. एकटी पडलेली दहावी फाइल कदाचित चूक कळल्यावर लिहिलेली. आता तीच चूक पुन्हा उतरते, आणि या वेळी इतकी नीटनेटकी दिसते की रिव्ह्यू करणाऱ्याची नजरही तिच्यावर ठरत नाही.

उलटंही होतं. एका कोपऱ्यात जुना बाराचा दर सापडतो. सहायक म्हणतो, हा आता लागू नाही, काढू का? घाईतला माणूस हो म्हणतो. मग 15 सप्टेंबरला घेतलेली तीन हजारांची शेरवानी 25 तारखेला दुकानात परत येते. तिची क्रेडिट नोट मूळ बिलाच्याच दराने, म्हणजे 12 टक्क्यांनीच निघायला हवी. निघणार कशी?

हे दुकानाच्या बिलापुरतं नाही. 4 जून 1996 ला युरोपचं एरियान 5 रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत आकाशात फुटलं. दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेचा कोड एरियान 4 वरून आणलेला. जुन्या रॉकेटवर त्याने दगा दिला नव्हता. नव्या रॉकेटचा आडवा वेग फार लवकर वाढला, आणि त्यातून आलेला आकडा 16 बिटांच्या जागेत, जिथे 32,767 च्या पुढे काही मावत नाही, तिथे बसला नाही. जुनं गणित नव्या उड्डाणमार्गाशी ताडून पाहिलंच गेलं नव्हतं. त्याहून चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. कोडच्या ज्या भागात हे घडलं, त्याची नव्या रॉकेटला उड्डाणानंतर गरजच नव्हती.

तो तसाच ठेवला होता, कारण तो आधीपासून होता.

वेळ वाचतो म्हणता? एमईटीआर या संस्थेने 2025 मध्ये 16 मुरलेल्या प्रोग्रामरांनी त्यांच्या ओळखीच्या प्रोजेक्टांत केलेली 246 कामं तपासली. काहींत एआय वापरायची मुभा, काहींत मनाई. मुभा होती तिथे आपण 20 टक्के लवकर उरकलं, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात 19 टक्के जास्त वेळ लागला होता. कोड ज्याला पाठ आहे, त्याने कशाला विचारत बसावं? ज्याला नाही त्याने जरूर विचारावं, आणि दाखवलेली प्रत्येक फाइल स्वतः उघडून वाचावी.

विचारायचंही नीट. 'कसं करतात' याच्या जोडीला 'हे कधीपासून असं आहे, कुठल्या बदलासोबत आलं, याला अपवाद कुठे आहे' हेही विचारा. सहायक बदलांच्या जुन्या नोंदीही वाचू शकतो. पण त्या नोंदींत आपण लिहून काय ठेवतो?

'फिक्स.' 'फायनल फिक्स.' 'चेंजेस डन.'

बदलाचं कारण कोणी लिहिलंच नाही, तर सहायक ते वाचणार कुठून? मग तो अंदाज बांधतो आणि ठामपणे सांगतो. आपणही मान डोलावतो, कारण ज्याला खरं कारण ठाऊक होतं तो केव्हाच पुण्याला दुसऱ्या नोकरीवर गेलेला असतो.

22 सप्टेंबरच्या बदलाशेजारी एक ओळ टाकायला किती वेळ लागतो? 'जुना दर परताव्यासाठी ठेवलाय, काढू नये.' सहा शब्द. ते आजच टाका. परिषद पुन्हा दर बदलेल तेव्हा हा कोड दुसऱ्याच कोणाच्या हातात असेल.