माळावरचं वेड

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात ओमाहाहून मुलनला गोल्फ खेळायला निघालो तेव्हा साताऱ्याहून आलेला मामेभाऊ बरोबर होता. डिकीत सामान टाकता टाकता त्याने विचारलं, "दादा, किती लांब आहे?"

"पाचशे सत्तर किलोमीटर."

"आणि ओमाहात गोल्फचं मैदान नाही?"

"आहेत की. घरापासून दहा मिनिटांवर एक आहे."

पुढे तो काही बोलला नाही. त्याचा प्रश्न रास्त होता. गोल्फचा खड्डा ओमाहातही सव्वाचार इंच व्यासाचा असतो आणि मुलनलाही. खड्डे दोन्हीकडे अठराच, चेंडू तोच. मग एका डावासाठी सहा तास गाडी चालवायची, एक रात्र परक्या गावी काढायची आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच रस्ता परत तुडवायचा, हा वेडेपणाच म्हणायचा. तो मला मान्य आहे. मी त्याचीच बाजू मांडणार आहे, कारण या वेडाने मला जमिनीकडे पाहायला शिकवलं, आणि शहाणपणाने ते कधी शिकवलं नव्हतं.

क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांची. कबड्डीचं, टेनिसचं, बुद्धिबळाच्या पटाचंसुद्धा माप ठरलेलं. गोल्फमध्ये ठरलेला आहे तो फक्त खड्डा. त्याच्यापर्यंत पोचायची वाट किती लांब, किती वाकडी, कुठे चढाची आणि कुठे उताराची, हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. ते जमीन ठरवते. म्हणून या खेळात मैदान म्हणजे अर्धा खेळ असतो, आणि चांगली जमीन जिथे असेल तिथे उठून जावंच लागतं. जमीन आपल्या गावात चालून येत नाही.

इंटरस्टेट ८० हा रस्ता प्लॅट नदीच्या काठाने पश्चिमेला जातो. दोन्ही बाजूंना मका, सोयाबीन आणि चाकांवर गोल फिरणारे पाण्याचे लांबच लांब पाइप. नॉर्थ प्लॅटच्या अलीकडे गॉथेनबर्ग लागतं. तिथे वाइल्ड हॉर्स नावाचं मैदान आहे. ते १९९९ मध्ये गावकऱ्यांनी पैसे उभे करून बांधून घेतलं. बांधणारे डॅन प्रॉक्टर आणि डेव्ह ॲक्सलंड हे मुलनच्या मैदानावर काम केलेले गडी. कोणीही यावं, ठरलेले पैसे भरावेत आणि खेळावं. जाताना आम्ही तिथे नऊ खड्डे खेळलो. मामेभावाने आयुष्यात पहिल्यांदा काठी हातात धरली. त्याचे पहिले चार फटके हवेत गेले, पाचवा लागला, आणि चेंडू कोरड्या कडक गवतावरून गडगडत इतका लांब गेला की तो स्वतःच बघत राहिला.

नॉर्थ प्लॅटला उत्तरेकडे वळलं की ९७ नंबरचा रस्ता लागतो आणि सगळं बदलतं. मका संपतो, पाइप संपतात, झाडं संपतात. राहतात त्या गवताच्या टेकड्या, एकामागे एक, थेट आभाळाला टेकेपर्यंत. वाटेत ट्रायन नावाचं एक गाव लागतं. ते मॅकफर्सन काउंटीचं मुख्य ठिकाण, आणि अख्ख्या काउंटीत माणसं चारशेच्या आसपास. तासाभरात आम्हाला समोरून तीन गाड्या भेटल्या. तिन्ही चालकांनी स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलून नमस्कार केला.

मामेभाऊ बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "हे तर आपलं माण-खटाव झालं की दादा. फक्त मेंढरांच्या जागी गाई." थोड्या वेळाने म्हणाला, "पण खाली वाळू दिसते. इथं नांगर घातला की संपलं."

त्याच्या या एका वाक्यात सँडहिल्स नावाच्या या टेकड्यांचा सगळा इतिहास आला.

हा प्रदेश सुमारे पन्नास हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्शाएवढा. नेब्रास्का राज्याचा जवळजवळ चौथा भाग. पश्चिम गोलार्धातला वाळूच्या टेकड्यांचा हा सर्वांत मोठा पट्टा, काही टेकड्या तर शंभर मीटरांहून उंच. वाळवंटासारखी ही वाळू इकडून तिकडे सरकत होती, ती फार पूर्वी नव्हे. आठशे-हजार वर्षांपूर्वी, आपल्याकडे देवगिरीच्या यादवांचा उदय होत होता त्या सुमाराच्या लांबलचक दुष्काळांत, या टेकड्या पुन्हा हलल्या होत्या. मग पाऊस परतला, गवत उगवलं आणि मुळांनी वाळू बांधून ठेवली. पडलेलं पाणी वाळूतून झिरपतं आणि खालच्या ओगलाला जलसाठ्याला मिळतं. तेच पाणी झऱ्यांतून वर येतं, म्हणून तिथली डिस्मल नदी वर्षभर जवळजवळ एकसारखी वाहते. एवढा सगळा संसार गवताच्या मुळांवर उभा आहे.

शहाण्या माणसांना हे रिकामं वाटलं. १९०४ मध्ये मोझेस किंकेड या खासदाराने कायदा करून घेतला: इथे येऊन पाच वर्षं राहणाऱ्याला ६४० एकर जमीन फुकट. हजारो कुटुंबं आली. झाडच नव्हतं, म्हणून गवताची मुळांसकट लादी कापून त्यांनी तिच्या भिंती रचल्या. जमीन नांगरली आणि वाळू उडायला लागली. बहुतेकांनी मिळेल त्या भावाला जमिनी गुरंवाल्यांना विकल्या आणि ते निघून गेले. त्या कुटुंबांना मी वेडं म्हणणार नाही. सरकारी कागदावर जे लिहिलं होतं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. चूक त्या कागदाची होती. तो लिहिताना मुळाखालची वाळू कोणी उकरून पाहिली नव्हती.

मुलनच्या मैदानाची गोष्ट मला याच्या नेमकी उलट वाटते, म्हणून ती सविस्तर सांगतो.

लिंकनचे वास्तुविशारद डिक यंगस्कॅप यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मुलनच्या दक्षिणेला सुमारे ८,००० एकर माळ घेतला. मुलन पाचशे वस्तीचं गाव, हुकर काउंटीतलं एकुलतं एक. सर्वांत जवळचं मोठं शहर म्हणजे चार-पाच तासांचा रस्ता. तिथे गोल्फ खेळायला कोण येणार, या प्रश्नाला तेव्हा कोणाकडेच उत्तर नव्हतं. त्यांनी बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांना बोलावलं. क्रेनशॉ म्हणजे १९८४ आणि १९९५ असं दोनदा मास्टर्स ही स्पर्धा जिंकलेला खेळाडू. कूर अबोल आणि चालण्यात पटाईत. या दोघांनी आधी नकाशा काढला नाही. ते चालले. ऋतूमागून ऋतू त्या टेकड्यांतून हिंडले, आणि त्यांना तिथे आधीच तयार असलेल्या, म्हणजे फक्त गवत कापून खड्डा पाडायचा बाकी असलेल्या, १३०हून जास्त वाटा सापडल्या. त्यांतल्या अठरा निवडायच्या होत्या. उरलेल्या शंभरांवर त्यांनी पाणी सोडलं. मला वाटतं, या कामातला सर्वांत कठीण भाग तोच असणार.

एरवी मैदान बांधायचं म्हणजे बुलडोझर आणून लाखो घनमीटर माती हलवायची, तळी खणायची, झाडं लावायची. इथे माती हलली ती नावापुरती. वाऱ्याने गवत फाडून टेकडीच्या कुशीत वाळूचे जे खड्डे पाडले होते, तेच बंकर, म्हणजे वाळूचे अडथळे, झाले. या खड्ड्यांना तिकडे ब्लोआउट म्हणतात आणि गुरंवाला त्यांना फार भितो. एकदा गवत फाटलं की वारा भोक मोठं करत जातो, म्हणून तो त्यात जुने टायर आणि वाळलेलं गवत टाकून ते बुजवतो. त्याला जी जखम वाटते ती या दोघांना मैदानाची शोभा वाटली. पण ती जखमच आहे हे ते विसरले नाहीत. तिथले कामगार आजही दर हिवाळ्यानंतर बंकरांच्या कडा तपासतात, कारण वारा थांबलेला नाही.

१९९५ मध्ये मैदान खुलं झालं, त्याला आता तीस वर्षं झाली. त्यानंतर या माळावर एकामागून एक नवी मैदानं आली. शेजारीच डिस्मल नदीकाठी २००६ मध्ये जॅक निकलस यांचं आणि २०१३ मध्ये टॉम डोक यांचं, २०१० मध्ये व्हॅलेंटाइनजवळ दोन, २०२४ मध्ये मॅक्सवेलजवळ एक. एका माणसाच्या वेडाने या माळाला गोल्फचं तीर्थ करून टाकलं.

एका सदस्याच्या आमंत्रणावरून आम्हाला मुलनच्या मैदानावर एक दिवस मिळाला. क्लबची इमारत आणि पहिली टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, यांच्यामध्ये दीडेक किलोमीटरचं अंतर आहे. टीजवळ फक्त एक लाकडी पडवी. पहिला खड्डा पाच फटक्यांचा. उंचावर उभं राहायचं, आणि खाली गवताची दरी पसरलेली. कुंपण नाही, घर नाही, विजेचा खांब नाही. वारा मात्र न थांबणारा. सतरावा खड्डा दीडशे यार्डांचा, मैदानातला सर्वांत छोटा. सकाळी वारा पाठीवर असता तर मी हलक्या काठीने मारला असता. संध्याकाळी तो तोंडावर आला होता, म्हणून चार काठ्या वर जावं लागलं. त्या वेळी मला कळलं की इथे एकच मैदान दोनदा खेळता येत नाही. मामेभाऊ दिवसभर माझ्याबरोबर चालला. शेवटच्या चढावर त्याने बुटातली वाळू झाडली, गवताचा एक झुबका हलकेच ओढून पाहिला आणि म्हणाला, "मूळ सुटत नाही."

या वेडातल्या दोन गोष्टी मला पटत नाहीत. यातली बहुतेक मैदानं खासगी आहेत. ज्याची ओळख नाही त्याला फाटकातून परत जावं लागतं. जी जमीन इतक्या प्रामाणिकपणे वाचली गेली ती थोड्यांनीच पाहावी, हे बरं नाही. आणि हजारभर किलोमीटरचं पेट्रोल जाळून गवताचं कौतुक करायला जावं, हेही खटकतं. मी वर्षातून एकदाच जातो. पण या माळावर जितका पैसा आला आहे त्याच्या प्रमाणात नांगर आणि बुलडोझर फार थोडे आले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

परतताना आम्ही मुलनहून २ नंबरच्या रस्त्याने आलो, कारण मला त्याला हॅल्सीचं जंगल दाखवायचं होतं. जिथे झाड उगवत नाही तिथे पाइनचा पट्टा एकदम समोर येतो. वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स बेसी यांच्या आग्रहावरून १९०२ मध्ये इथे राखीव वन जाहीर झालं आणि पुढे सुमारे वीस हजार एकरांवर हाताने रोपं लावली गेली. हाताने लावलेलं एवढं मोठं जंगल अमेरिकेत दुसरं नाही, असं म्हणतात. वृक्षारोपणाचा आर्बर डे १८७२ मध्ये याच राज्यात सुरू झाला, तेव्हा झाडांचं हे प्रेम समजण्यासारखं आहे. कष्ट खरे होते आणि हेतू चांगला होता. तरी गवताळ प्रदेशात आज मोठी डोकेदुखी आहे ती झाडांचीच. वणवे विझवले जाऊ लागल्यापासून सीडरची झाडं माळावर घुसत आहेत आणि त्यांच्याखाली गवत मरतं आहे. मैदान करणाऱ्यांनी जमिनीला विचारलं. जंगल करणाऱ्यांनी तिला सांगितलं.

प्रेअरी चिकन हा त्या माळावरचा पक्षी. वसंतात नर एका मोकळ्या जागी जमतात, गळ्याच्या पिशव्या फुगवतात आणि माद्यांसमोर नाचतात. आपला माळढोकही असाच मोकळ्या गवतात नाचणारा पक्षी. १९७९ मध्ये त्याच्यासाठी सोलापूर-नगरच्या माळांवर अभयारण्य झालं, आणि आता त्या अभयारण्यातल्या नान्नजला तो क्वचितच दिसतो. आपल्याकडे गवताळ माळाला कागदोपत्री पडीक म्हणतात. पडीक म्हटलं की त्याचं काहीतरी करावंसं वाटतं, आणि बहुतेक वेळा झाडं लावली जातात. मामेभाऊ साताऱ्याला परत गेला, त्याने महिन्याभराने फोन केला. गावच्या गायरानात खड्डे खणून रोपं लावायचा ठराव ग्रामसभेत आला होता. तो उभा राहिला आणि म्हणाला, आधी माळावर फिरून बघू, मग ठरवू. ठराव पुढच्या सभेवर गेला.

सँडहिल्सला ज्यांना जायचं आहे त्यांनी गॉथेनबर्गच्या मैदानापासून सुरुवात करावी. तिथे ओळख लागत नाही. नॉर्थ प्लॅटला पेट्रोलची टाकी भरून घ्यावी. मुलनच्या आधी काउंटीची हद्द ओलांडताना घड्याळ एक तास मागे करावं लागतं. जूनमध्ये तिथे त्या घड्याळानुसार रात्री साडेआठपर्यंत चेंडू दिसतो.